पूजेतला जनरेटर

खूप हिवाळ्यांपूर्वी घाटमाथ्यावर, सोनाबाईंच्या अंगणात डिझेलचा एक जनरेटर होता. दर दसऱ्याला त्याची पूजा होई. सुरू मात्र त्याला कुणी करत नसे. तो अंगणातल्या कोंबडीला ऐटीत सांगे, "मी देव आहे. देव कामं करत नसतात."

थंडीतल्या एका संध्याकाळी वीज गेली. कोंबडीच्या पिल्लांना ऊब देणारा बल्ब विझला आणि पिल्लं कुडकुडू लागली. सोनाबाईंनी हँडल फिरवलं. जनरेटर नुसताच खोकला.

"अहो देव, माझी लेकरं मरतील!" कोंबडी ओरडली.

"सांधे धरलेत गं!" जनरेटर रडकुंडीला आला. "सोनाबाई, थांबू नका, अजून जोरात फिरवा!"

काळा धूर सुटला, धडधड झाली, बल्ब पेटला. पिल्लं चिवचिवली.

सकाळी कोंबडी म्हणाली, "दमलात हो, बसा आता."

"बसूनच तर ही गत झाली! सोनाबाईंना सांग, दर रविवारी हँडल मारा."