माहीत असलेलं नाव

"मग बाई, कुठलं कॉलेज घेऊ?"

अनसूयाबाई दिवाण या खोलीत वाचा गेलेल्यांना, अडखळणाऱ्यांना बोलतं करत. त्यांनी शाल्मलीला बोटानं कोपऱ्यातली खुर्ची दाखवली.

शाल्मली बसली, पण गप्प बसली नाही. वाचा आणि श्रवणदोषांवरच्या उपचारांच्या पदवीला तिचा दोन ठिकाणी नंबर लागला होता. एक कॉलेज मोठ्या शहरातलं. तिथं नवी यंत्रं होती, बाहेरचा आवाज आत न शिरणाऱ्या खोल्या होत्या, पुढं परदेशी जायची सोय होती. दुसरं लहान, एका दवाखान्याच्या आवारातलं. तिथं पहिल्या वर्षापासून पेशंटसमोर बसवत. तिनं कागदावर दोन रकाने आखून दोन्हींना गुण दिले होते, बेरीज दोनदा करून पाहिली होती. संध्याकाळी पाचपर्यंत वेबसाइटवर एक नाव पक्कं करायचं होतं. चुकलं तर चार वर्षं वाया जातील, असं तिला वाटत होतं.

हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. आपण प्रवेश परीक्षेत जिल्ह्यात पहिल्या आलो, हे तर तिनं चपला काढतानाच सांगून टाकलं होतं.

सातव्या वर्षी हीच मुलगी या खोलीत 'मा'वर अडकून रडायची. 'माझं नाव' एवढं म्हणायला तिला सकाळ पुरत नसे. बाईंनी दोन वर्षं बसून तिची जीभ मोकळी केली. आता ती वक्तृत्वाच्या ढाली आणत होती, आणि ती सकाळ तिच्या लक्षातही नव्हती.

"बोलून झालं?" बाई म्हणाल्या. "आता पेशंट आहे. बघत बस."

निवृत्तीअण्णा माळी काठी टेकत आत आले. सांगलीच्या हळद बाजारात त्यांनी तीस वर्षं सौदे पुकारले होते. शे-दीडशे व्यापाऱ्यांना ते नावानं हाका मारत. घरात मात्र बायकोला नावानं हाक मारायची त्यांच्याकडे रीत नव्हती. 'ऐकलं का' एवढ्यावर एक्केचाळीस वर्षं संसार झाला. मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली.

पहिल्या दिवशी बाईंनी त्यांना विचारलं होतं, सगळ्यात आधी कुठला शब्द हवा? अण्णांनी डावा हात उचलून दाराकडे दाखवलं होतं. दारात त्यांची बायको उभी होती.

त्याला आता चार महिने झाले. आठवड्यातून तीनदा हौसाबाई एसटीनं नवऱ्याला घेऊन येत आणि त्याच दारात उभ्या राहत. आजही राहिल्या.

"वहिनी, बसा की आत," बाई म्हणाल्या. दर वेळी म्हणत. त्यांनी नेहमीसारखी नकाराची मान हलवली.

बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"सावकाश, अण्णा. मला घाई नाही."

अण्णांनी श्वास घेतला. ओठ उघडले. "ह..."

थांबले. पुन्हा श्वास घेतला. कपाळावर घाम आला.

"ह... हौ..."

'हौ' आज पहिल्यांदा आलं होतं. हौसाबाईंनी दाराची चौकट धरली. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"हौ..."

मिनिट गेलं. दुसरं गेलं... शाल्मलीला बघवेना. पोरीचं मन चांगलं होतं, हे सांगायलाच हवं. त्या म्हाताऱ्या माणसाचे हाल तिला खरोखरच सोसेनात. आणि शब्द तर तिला ठाऊक होता; मेजावरच्या अण्णांच्या कागदावर बाईंनी 'पहिला शब्द: हौसा' असं लिहून ठेवलं होतं.

"हौसा," ती पुढं सरकून म्हणाली. "म्हणा अण्णा. हौ-सा."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. तिचं मन राखायला थोडं हसलेसुद्धा. मग त्यांनी मान हलवली आणि तोंड मिटलं. ते पुन्हा उघडलं नाही.

हौसाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. ज्याची चार महिने वाट पाहिली ते नाव या खोलीत उच्चारलं गेलं होतं, पण परक्या मुलीच्या तोंडून.

शाल्मलीनं एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"शब्द... बरोबर होता ना, बाई?"

"बरोबर होता."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शाल्मली उठली. आपण काय केलं ते तिला आता कळलं होतं. ती दाराशी हौसाबाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"मा..."

पुढचं येईना. अकरा वर्षांनी ती पुन्हा 'मा'वर अडकली.

"मा... मा..."

हौसाबाईंना तिची दया आली. "असू दे पोरी, कळलं मला. तुला म्हणायचं हाय की..."

अण्णांनी डावा हात वर केला. बाजारात बोली थांबवताना करत तसाच, पंजा उघडा. हौसाबाई गप्प झाल्या.

सगळेच थांबले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शाल्मलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिघंही नुसती तिच्याकडे बघत होती. कुणालाच घाई नव्हती.

"माफ करा," शाल्मली म्हणाली.

अण्णांनी हात खाली घेतला.

एसटीची वेळ झाली होती. शुक्रवारी या, पुन्हा 'ह'पासून धरू, असं बाईंनी सांगितलं. नवरा-बायको सावकाश पायऱ्या उतरून गेले.

पाचला दहा मिनिटं होती.

शाल्मलीनं रकान्यांचा कागद घडी करून पिशवीत टाकला. आता तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"बाई, तुम्ही मला लहानपणापासून ओळखता. मी कुठं जावं, ते तुम्हाला माहीत आहे."

"आहे."

"मग सांगा ना. एक नावच तर सांगायचंय."

बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले...

"हौसाबाईंचं नाव मला चार महिने माहीत होतं."