बर्फ झाडणारी परी

पृथ्वीच्या अगदी दक्षिण टोकाला, जाड बर्फाच्या छपराखाली, समुद्राच्या तळावर एक बाग होती. लिंबाच्या रंगाच्या स्पंजांची, गुलाबी प्रवाळांची. त्या बागेत झिपरी राहायची. झिपरी म्हणजे पिसांसारख्या मऊमऊ हातांची इवलीशी समुद्रतारका. तिला आईबाप नव्हते. होती फक्त धाकटी बहीण ठिपकी, आणि ठिपकी भुकेनं पांढरी पडत चालली होती.

इथलं जेवण वरून यायचं. उन्हाळ्यात सूर्य उगवला की बर्फाच्या पोटाशी हिरवं शेवाळ धरायचं आणि भुरुभुरु खाली पडायचं. मग पुन्हा लांबलचक अंधार. अंधारातली रीत एकच. हात मिटायचे, हलायचं नाही, चिखलातले उरलेले कण पुरवून खायचे.

"झिपरे, हलू नकोस गं!" शेजारच्या काटेकाकू ओरडायच्या. त्या म्हणजे काट्यांचा गोल गोळाच. "हललं की भूक लागते. बोललं की त्याहून जास्त!" एवढं सांगून काकू बराच वेळ बोलत राहायच्या.

तरी झिपरी हलायची. आपल्या वाटणीचे कण ठिपकीला भरवायची.

एकदा स्पंजाच्या काचेरी धाग्यांत तिला काहीतरी लुकलुकताना दिसलं. मण्याएवढी परी अडकली होती! झिपरीनं उरलीसुरली ताकद लावून तिला सोडवलं. परीनं चंदेरी-निळे पंख झटकले, आणि सारा तळ झळाळला.

तिथंच घोटाळा झाला. सगळ्यांना वाटलं, उन्हाळा आला! भराभर हात उघडले, तोंडं उघडली.

"जेवण कुठंय?" काकू म्हणाल्या. "आता हे उघडलेलं तोंड मिटायचं कसं?"

परी ओशाळली. "झिपरी, एक इच्छा माग. पण नियम ऐक. मला अन्न तयार करता येत नाही. मागशील ते येत्या उन्हाळ्यातून उचलून आणीन. तेवढं तेव्हा कमी पडेल."

"माग ना गं ताई," ठिपकी पुटपुटली.

झिपरीनं तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंच्या काट्यांआड टिचभर पिल्लं वळवळली. उन्हाळ्यात ती बाहेर पडणार. तेव्हा ती काय खातील?

"परीताई, यंदा अंधार फारच लांबलाय. वर सूर्य आलाय का?"

"आलाय की. पण बर्फावर भुसभुशीत हिमाची गोधडी पसरलीय. उजेड आत येत नाही."

"मग काही आणू नकोस. तेवढं हिम झाडून टाक."

परी खुदकन हसली. "परीला झाडू मारायला सांगणारी तूच पहिली! पण मी उजेडाची आहे, बाळ. तो आला की मी त्यात विरघळेन."

"मग नको," झिपरी चटकन म्हणाली.

"वेडे, ते तर माझं घर!"

परी सर्रकन वर गेली. सर्र, सर्र, पंख फिरले. हिम उडालं. सोनेरी, मोरपंखी उजेडाचे झोत खाली उतरले. बर्फाच्या पोटाशी हिरवळ धरली, आणि बघता बघता पाचूच्या चुऱ्यासारखं जेवण भुरुभुरु पडू लागलं. काकूंनी पिल्लांसाठी काटे बाजूला केले. त्या चक्क गप्प होत्या.

वर आता परी नव्हती, नुसता लखलखता उजेड होता. त्या उजेडात ठिपकीनं पहिला घास गिळला, गुलाबी झाली आणि म्हणाली, "ताई, आता तू खा."