कोऱ्या काचेचा रंग

"मग चूक माझ्या यंत्राची कशी, बाई? फोटो बघा ना, किती स्वच्छ आलाय!"

ओजस केतकरचा आवाज चढला होता. पुण्याचा हा तरुण इंजिनिअर. मोबाइलला जोडता येईल असा खिशात मावणारा, स्वस्तातला सूक्ष्मदर्शक त्याने स्वतः बनवला होता. रक्तातला मलेरिया ओळखायला तो महिनाभर मैनाबाई दुर्वांकडे शिकत होता.

मैनाबाईंनी जंगलातल्या या दवाखान्यात छत्तीस वर्षं रक्ताच्या स्लाइड तपासल्या होत्या.

मध्यंतरी चार दिवस त्या भावाकडे गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "तुझ्या यंत्रातून बघ. पण प्रत्येक स्लाइड माझ्या जुन्या सूक्ष्मदर्शकातूनही बघ."

ओजसने पहिलं केलं. दुसरं केलं नाही.

आज सकाळी गावातल्या सोमारीला चौघांनी खाटेवरून आणलं. तिला शुद्ध नव्हती. तीन दिवसांपूर्वी ती ताप घेऊन स्वतःच्या पायांनी आली होती, आणि ओजसने फोटो पाहून सांगितलं होतं, "काही नाही, घरी जा."

बाईंनी तिचं रक्त पुन्हा घेतलं, स्लाइड रंगवली, जुन्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. लगेच उठल्या आणि डॉक्टरांना हाक मारली. सोमारीला सुई लागल्यावरच त्या परत आल्या.

"तीच स्लाइड आहे. आता तुझ्या यंत्रातून बघ."

ओजसने पाहिलं. सगळीकडे एकसारखा गुलाबी रंग. देखणा फोटो.

"यात खरंच काही नाही, बाई."

"माझ्याकडे ये."

त्याने जुन्या सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. फिकट पेशीत मलेरियाच्या जंतूचं निळं कडं होतं. कड्यावर लाल ठिपका. एक नाही... मोजता येणार नाहीत इतके.

तो मग चिडूनच म्हणाला, "पण पुण्यात मोठमोठ्या डॉक्टरांनी माझे फोटो वाखाणलेत! तुमचा सूक्ष्मदर्शक माझ्या जन्माच्याही आधीचा आहे. त्याचाच रंग खरा कशावरून?"

बाईंनी खोक्यातून एक नवी, कोरी काच काढली, पुसली, त्याच्या हातात ठेवली.

"हिचा फोटो काढ."

"हिच्यावर काहीच नाहीये."

"काढ म्हटलं ना!"

त्याने काढला.

पडद्यावर कोरी काच गुलाबी आली.

"हे रक्त कोणाचं?" बाईंनी विचारलं.

"रंग मीच घातलाय, बाई." ओजसची मान खाली गेली. "फोटो पुस्तकातल्या चित्रांसारखे दिसावेत म्हणून. आणि बारीक ठिपके घाण वाटायचे... ते यंत्र आपोआप पुसतं."

"घाण?" बाईंचा हात टेबलावर आपटला. "ती बाई तापाने फणफणत होती आणि तू तिचा ताप पुसलास! छान दिसावं म्हणून? कोणाला?"

ओजस खाली बसला. यंत्रातली सगळी सजावट त्याने एकेक करून काढली. कोरी काच पुन्हा ठेवली. ती पडद्यावर कोरीच दिसेपर्यंत तो यंत्राचे रंग जुळवत राहिला. दुपार त्यातच गेली.

मग त्याने सोमारीची स्लाइड लावली. फोटो मळकट आला, कडेला अंधुक. पण त्यात निळं कडं होतं, आणि कड्यावर लाल ठिपका होता.

बाईंनी पाहिलं. मान डोलावली.

ओजसचे डोळे भरून आले. "आता यंत्र खरं दाखवतंय, बाई. उद्यापासून एकही चूक होणार नाही."

"त्या चार दिवसांत आणखी किती जणांना परत पाठवलंस?"

"एकोणीस."

"त्यांच्या स्लाइड?"

"धुऊन टाकल्या..." तो घाईने म्हणाला, "पण फोटो आहेत, बाई! सगळ्यांचे फोटो जपून ठेवलेत मी."

मैनाबाईंनी खुंटीवरची सुया-काचांची पिशवी खांद्याला अडकवली.

"फोटोंना ताप येत नाही, ओजस. चपला घाल."