मास्तरांच्या तीन पिशव्या

सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, तेव्हाची ही गोष्ट. शिरोळकर मास्तर रोज चार मैल सायकल मारत शाळेत जायचे. दुकानातल्या आरशासमोर ऐटीत उभं राहून त्यांनी एक चामड्याची बॅग आणि एक शबनम पिशवी पसंत केली. घरच्या खुंटीवर आजोबांच्या तट्टाची जुनी पडशी होती. दोन टोकांना दोन कप्पे असलेली. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

सोमवारी चामड्याची बॅग हँडलला लटकून गेली आणि दर पायडलला मास्तरांच्या गुडघ्यावर आपटली. मंगळवारी शबनम खांद्याला अडकवली. उतारावर ती घसरून पुढे आली आणि मास्तर वह्यांसकट निवडुंगात गेले. बुधवारी त्यांनी वैतागून पडशी कॅरिअरवर टाकली. डावीकडे वह्या, उजवीकडे डबा.

संध्याकाळी खुंटीवर चौकशी सुरू झाली.

"काय गं, मास्तर तुझ्याबद्दल काय बोलले?" चामड्याच्या बॅगेनं विचारलं.

"काहीच नाही," पडशी म्हणाली. "जाता-येता गाणं म्हणत होते."

"म्हणजे तुझी आठवणही झाली नाही. माझं तर चार मैल सारखं नाव घेत होते."

"माझंही," शबनम म्हणाली. "निवडुंगातून बाहेर येईपर्यंत."

भिंतीला टेकलेल्या सायकलनं दोन्ही दिवस सगळं ऐकलं होतं. पण ती गप्प राहिली. मास्तरांच्या घरात तसले शब्द बोलायची पद्धत नव्हती.