उदीच्यसेनाचे तळघर

एका राज्यात, जेथे हिवाळाभर सूर्य उगवत नसे आणि उन्हाळाभर मावळत नसे, उदीच्यसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्याचे पूर्वज दक्षिणेकडून गलबते घेऊन आले होते. किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांना, सीलची शिकार करणाऱ्या त्या तंबूवाल्यांना, उदीच्यसेनाने एका उजाड बेटावर हाकलून दिले. मग त्याने समुद्रातल्या लांब सुळ्यांच्या वालरसांची कत्तल मांडली आणि त्यांचे सुळे तळघरात रचले.

सुळ्यांचा ढीग छताला भिडला, तशी वालरसांची माता, मायाविनी तिमिरा, समुद्रातून वर आली. म्हणाली, "या तळघराला तुझे कुलूप आहे, तोवर तूही सुळाच होत जाशील!"

राजाचे पाय गुडघ्यांपर्यंत पांढरे, टणक झाले. बंदरातले बर्फ भर उन्हाळ्यातही वितळेना, गलबतांनी येणारी फळे-भाजी बंद झाली. सुळे बाहेर काढू जावे, तर ते पहाडासारखे जड होत. प्रजेच्या हिरड्या सुजल्या, दात गळू लागले.

राजकन्या उत्पला कुत्र्यांची घसरगाडी जुंपून निघाली. वाटेत हिमखंडावर एक डोमकावळा बसला होता.

"राजकन्ये, कोठे?"

"तातांच्या शापावर उतारा शोधायला."

"बेटावर सिवूला म्हातारी आहे. ती देईल ते खा, शिकवील ते शिक, मागेल ते दे."

सिवूला तंबूच्या दारातच उभी होती. "तुझ्या बापाने माझी चूल विझवली. माझ्या हातचे खाशील?"

तिने सीलचे कच्चे काळीज पुढे केले. उत्पलेने डोळे मिटून ते गिळले. रोज गिळले. तिच्याही हिरड्यांतून येणारे रक्त थांबले.

मग म्हातारीने तिला चामड्याची होडी शिवायला बसवले. "टाका चुकला, तर बुडशील तूच." बोटे सोलवटली. होडी बर्फाच्या भेगेत सोडली, उत्पला तीत बसली आणि कोरडी राहिली.

"आता आमचा किनारा दे," सिवूला म्हणाली.

"तो तातांचा आहे. चला, त्यांच्याकडेच मागू."

दोघी राजवाड्यात आल्या, तेव्हा राजा छातीपर्यंत सुळा झाला होता.

"किनारा दिला, तर राज्य जाईल," तो कसाबसा बोलला.

"तात, राज्य उरले आहे कोठे? गलबते गोठली, माणसे मरताहेत. आणि मला तुम्ही हवे आहात, हा पुतळा नको!"

राजाने लेकीच्या सोललेल्या बोटांकडे पाहिले. मग गळ्यातली तळघराची किल्ली काढून त्याने सिवूलाच्या हातावर ठेवली. "किनारा तुमचा. तळघरही."

तत्क्षणी सुळे पिसासारखे हलके झाले. लोकांनी ते बर्फाच्या भेगांत सोडले. प्रत्येक सुळ्याला एकेक वालरस फुटला आणि पोहू लागला. बर्फ कडाडून दुभंगले. बंदर खुले झाले.

तंबू पुन्हा किनाऱ्यावर उभे राहिले. राजाची माणसे तंबूवाल्यांकडून शिकार शिकली, कच्चे मांस खायला शिकली, आणि जगली.

एके दिवशी उदीच्यसेन आपल्या पायांनी चालत सिवूलाच्या तंबूपाशी गेला. बाहेरच थांबून त्याने विचारले, "आत येऊ का?"

म्हातारी म्हणाली, "ये. पाय पुसून ये."