बेचक्यातलं बोचकं

फार जुनी नाही, शहरात झाडं अजून उभी होती तेव्हाची ही गोष्ट. पुलाखाली राहणारी गुणाबाई रोज सकाळी कामाला जाताना आपलं बोचकं पिंपळाच्या बेचक्यात चढवून ठेवायची. रोज चढा, रोज उतरा. बोचकं पार शिणलं होतं.

शेजारच्या घरट्यातली कावळीण करवादली, "ऊठ इथून! ही घरदार असलेल्यांची जागा आहे."

"बाई, संध्याकाळपर्यंत टेकू दे गं," बोचकं म्हणालं.

तेवढ्यात फूटपाथ मोकळे करणारी गाडी आली. खालचं सामान भरून माणसं निघालीच होती, पण कावळिणीनं काव काव करून त्यांना बोचकं दाखवलं. वर चढायचा कंटाळा, म्हणून त्यांनी फांदीच तोडली.

गाडीत बोचक्याशेजारी घरटं उलटं पडलं. कावळीण गाडीच्या कठड्यावर बसून रडू लागली. बोचकं जरा सरकलं.

"टेक इथं," ते म्हणालं. "पण अंग सैल सोडू नकोस. इथूनही उठवतील."