वीतभर चित्रातला पूल

चित्र वीतभर होतं आणि त्यात पूल नव्हता. एवढ्यावरून राणोजी बाशिंगवाला कोठडीत गेला.

चित्राचा हुकूम खुद्द भानुदेव महाराजांचा. "आमचं अवघं राज्य एका वीतभर फळीवर मावलं पाहिजे! आणि रंगाचा ठिपकाही नको. जी जागा दाखवायची, तिथलीच वस्तू तिथं चिकटवायची! बाहेरचं काही दिसलं, तर गाठ माझ्याशी!"

राणोजी लग्नाची बाशिंगं करणारा. चिकटवाचिकटवीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यानं किल्ल्याच्या जागी किल्ल्याच्या दगडाची कपची लावली. शेतांना ज्वारीचा कोंडा, बाजाराला बाजारातल्या चिंध्या, राजवाड्याला कळसावरून गळून पडलेला सोन्याचा वर्ख. नदीला नदीची वाळू. नदीवर मात्र काही नाही.

प्रधान त्र्यंबकपंतांनी ते लगेच हेरलं. "महाराज, यानं आपला पूल गाळला! हा राजद्रोह!"

हा पूल महाराजांनी वाड्याच्या गच्चीवरून खुला केला होता. बांधकाम पंतांकडे होतं, आणि ऊन फार आहे, नदीवर जायची तसदी नको, असंही तेव्हा पंतच म्हणाले होते. नारळ फुटला, पेढे वाटले, दवंडी पिटली: पूल नाही असं जो म्हणेल तो महाराजांना खोटं ठरवतो, त्याला हद्दपार करू! तेव्हापासून रयत होडीनं नदी ओलांडत होती आणि पुलाची तारीफ करत होती. गेल्या साली एका नवरदेवाचं बाशिंग पुरात वाहून गेलं. त्यानंही पलीकडे पोचल्यावर पूल छान असल्याचं सांगितलं.

राणोजीची मुलगी भिवरा कोठडीच्या गजांशी आली.

"आबा, पूल का नाही लावलात?"

"कशाचा लावू, पोरी? लाकूड लावलं तर खोटं, रिकामं ठेवलं तर राजद्रोह. आता उद्या दुपारपर्यंत पूल बसला नाही, तर आपल्या दोघांनाही हद्दीबाहेर काढणार आहेत."

बापाचे गुडघे दुखरे. हद्द कुठली, वेस ओलांडतानाच तो बसला असता. भिवरानं डोळे पुसले, बापाजवळची फळी पदराखाली घेतली आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, पूल आत्ता बसवते!"

"मग बसव की!"

"त्या पुलाच्या दगडाची कपची हवी. हुकूमच आहे आपला. पण सरकारी पुलाला माझ्यासारखीनं छिन्नी लावायची म्हणजे गुन्हा. प्रधानजींनी काढून दिली तर बरं होईल."

पंत हसले. "हात्तिच्या! कपची ना? संध्याकाळी धाडतो घरी."

"घरी आलेली कपची पुलाचीच आहे, हे कोण सांगणार? उद्या कोणी म्हणालं, भिवरानं पंतांच्या चौथऱ्याचा तुकडा लावला, तर? महाराजांनी समक्ष पाहावी."

महाराज हट्टी खरे, पण स्वतःच्या पुलावर एकदाही पाय ठेवला नाही हे त्यांनाही खटकलं. "मेणे काढा! त्र्यंबकपंत, तुमचा मेणा पुढं. वाट तुम्हाला ठाऊक!"

"ऊन फार आहे, महाराज..."

"असू दे!"

पंतांचा मेणा पुढं, महाराजांचा मागं, आणि सगळ्यांच्या मागून फळी सांभाळत भिवरा. नदीकाठी पंतांचा मेणा थांबला.

"थांबलात का, पंत? व्हा पुढं!" महाराज आतून ओरडले.

"महाराज... पाणी आहे."

"पुलाखाली पाणी असणारच! व्हा पुढं!"

भोई बिचारे हुकमाचे ताबेदार. ते पुढं झाले. गुडघाभर, कमरभर, छातीभर! मेण्यात पाणी शिरलं आणि पंत किंचाळले, "मागं घ्या! अरे, पूल नाहीये! पूल नाहीये!"

महाराज मेण्यातून उतरले. त्यांनी नदी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग भिवराकडे वळले.

"पोरी, पूल कुठं आहे?"

"मी काय सांगू, महाराज? सांगणाऱ्याला हद्दपारी आहे. प्रधानजींनी मात्र आत्ताच सांगितलं."

महाराजांच्या मिशा थरथरल्या. रागानं की कशानं, ते कोणालाच कळेना. भिवरानं फळी छातीशी धरली.

"म्हणजे हे चित्र अपुरं नाही?"

"चित्र पुरं आहे, महाराज. राज्यच थोडं करायचं राहिलंय."

आणि महाराज हसले! असे हसले की पोट धरून वाळूत बसले. भोयांनी आधी एकमेकांकडं पाहिलं, मग तेही हसले.

राणोजीला तिथूनच माणूस पाठवून सोडवलं. महाराजांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून भिवराच्या हातात घातलं आणि पूल बांधून होईपर्यंत होडी त्र्यंबकपंतांनी वल्हवायची, असा हुकूम तिथल्या तिथं दिला. पंत अजून ओलेच होते. त्यामुळे कामाला लगेच लागता आलं.